पालासियो पास की पालासियो सान मार्तिन? एकाच चौकातले दोन वाडे आणि फोटोखालची चुकीची नावं

ब्युनोस आयर्सला जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो बघा, सान मार्तिन चौकातला एक तरी असतोच. मागे काळपट उतरत्या छपराची, एकदम पॅरिसमधून उचलून आणल्यासारखी भलीमोठी इमारत, आणि खाली कॅप्शन "सान मार्तिन पॅलेस". बऱ्याचदा ते चुकीचं असतं. फोटोत असतो तो पालासियो पास, आणि खरा पालासियो सान मार्तिन, म्हणजे अर्जेंटिनाच्या परराष्ट्र खात्याचा वाडा, त्याच चौकाच्या दुसऱ्या कडेला, आरेनालेस रस्त्यावर, जरा आत तोंड करून उभा असतो. मी स्वतः पहिल्या दिवशी पासच्या गेटवर जाऊन फॉरेन मिनिस्ट्री हीच का म्हणून विचारलं होतं, तिथल्या माणसाने काही न बोलता फक्त हात लांब करून पलीकडे दाखवलं, रोज दहा जण विचारत असावेत असा चेहरा करून.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. "पालासियो" म्हटलं की आपल्या डोक्यात राजवाडा येतो, पण अर्जेंटिनात राजा कुठला? तिथे श्रीमंत घराण्याच्या मोठ्या घराला सरळ पालासियो म्हणतात, म्हणजे आपल्याकडे सरदार-सावकारांचे वाडे होते ना, तसं. इतकंच नाही, हा शब्द ते लोक कशालाही लावतात. पालासियो बारोलो ही ऑफिसांची बिल्डिंग आहे आणि पालासियो दे आग्वास कोर्रिएन्तेस तर चक्क पाण्याची टाकी म्हणून बांधलेली, १८९४ ची, बाहेरून सगळी रंगीत नक्षीदार टाइल्स आणि आत बारा टाक्यांमध्ये ७ कोटी २० लाख लिटर पाणी मावेल अशी सोय. त्यामुळे पालासियो या शब्दावरून आत कोण राहायचं याचा काही पत्ता लागत नाही.

आता सान मार्तिन. या माणसाने अर्जेंटिना, चिली, पेरू यांना स्पेनपासून सोडवायच्या लढाया लढल्या, पण तो १८५० मध्ये फ्रान्समध्ये वारला, आणि हा वाडा बांधायला घेतला १९०५ मध्ये. म्हणजे त्याचा या घराशी काडीचा संबंध नाही, नाव पडलंय त्याच्यावरून. मूळ नाव पालासियो आन्चोरेना, घराण्याचं. आणि दुसरा जो पास, त्याचं अजून गमतीशीर आहे. स्पॅनिशमध्ये पास म्हणजे शांतता, त्यामुळे काही जण "पीस पॅलेस" असं भाषांतर करून मोकळे होतात, पण ते मालकाचं आडनाव आहे, होसे पास. आणि शांततेच्या नावाच्या या वाड्यात आज काय आहे तर सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा क्लब, सिर्कुलो मिलितार, आणि शस्त्रांचं म्युझियम!

होसे पास म्हणजे १८६९ मध्ये 'ला प्रेन्सा' हा पेपर काढणारा माणूस. पेपर तुफान चालला, पैसा आला, मग पॅरिसमध्ये अर्जेंटिनाचा राजदूत म्हणूनही राहून आला, आणि परत येताना डोक्यात फ्रान्स घेऊनच आला. राष्ट्राध्यक्ष व्हायची इच्छा होती आणि हे घर त्याच थाटाने डोक्यात होतं असं सगळे सांगतात, आणि घर बघितल्यावर ते पटतं. लुई सोर्ते नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टने ड्रॉइंग तिकडे फ्रान्समध्ये बसून काढली, तो स्वतः ब्युनोस आयर्सला कधी आलाच नाही, इकडे कार्लोस आगोते नावाच्या इंजिनिअरने काम उभं केलं. १९०२ ला सुरू, १९१४ ला पूर्ण, बारा वर्षं! बहुतेक सामान युरोपातून बोटीने आलेलं. एकशे चाळीस खोल्या, बारा हजार चौरस मीटर, आपल्या हिशोबात सव्वा लाख स्क्वेअर फुटांच्या वर, एका कुटुंबाला. आणि गंमत बघा, आर्किटेक्ट १९११ मध्ये गेला, मालक १९१२ मध्ये मोंते कार्लोत गेला, दोघांपैकी एकानेही पूर्ण झालेलं घर बघितलं नाही. बायको आणि मुलं राहायला आली.

आत एक गोल दालन आहे, ते सोडू नका. तोपर्यंत तुम्ही लाकडी पॅनेल, सोनेरी वेलबुट्टी, आरसे असल्या खोल्यांमधून चालत आलेले असता आणि डोळे थोडे थकलेले असतात, आणि मग एकदम हा गोल हॉल येतो, वेगवेगळ्या रंगांच्या संगमरवराचा, वर सुमारे २१ मीटरवर घुमट, म्हणजे सहा-सात मजली बिल्डिंग आत मावेल. तिथे उभं राहून हळू बोललं तरी आवाज भिंतीवरून फिरून येतो आणि आपणच ओशाळून गप्प होतो. हे घरातल्या माणसांसाठी नाहीच, हे पाहुण्यांना दिपवायला बांधलेलं आहे, शपथविधीला शोभेल असं.

आन्चोरेनांचा वाडा मात्र एकदम वेगळ्या डोक्यातून आलाय आणि माझ्या मते खरा फरक इथे आहे, खांब-कमानी बघून तो कळत नाही. मेर्सेदेस कास्तेयानोस दे आन्चोरेना ही विधवा बाई, पाम्पातल्या, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ प्रदेशातल्या, बेसुमार जमिनींची मालकीण, तिने बांधून घेतला, आर्किटेक्ट अलेहांद्रो क्रिस्टोफेरसेन, स्पेनमध्ये जन्मलेला नॉर्वेजियन आईबापांचा मुलगा. बाहेरून एकच वाडा दिसतो. पण गेटमधून आत नजर टाकली की मधे गोलसर अंगण आणि त्याच्या कडेने वेगवेगळे दरवाजे दिसतात, कारण ती मुळात तीन घरं आहेत! एकात स्वतः बाई आणि मुलगा आरोन, बाकी दोन घरं इतर मुलांच्या संसारांना. प्रत्येकाचा जिना वेगळा, नोकरचाकर वेगळे, आणि मोठी पार्टी असली की मधली दालनं उघडून सगळं एक करता यायचं. अंगण एक आणि चुली तीन, आपल्याला हे समजवायची गरजच नाही. कोणत्या सासूने हे इतकं अचूक ओळखलं असेल! चार वर्षांत, १९०९ मध्ये काम संपलंसुद्धा.

तर ओळखायचं कसं? छप्पर बघू नका, छपरं दोघांचीही फ्रेंच. गेट बघा. लोखंडी गेटच्या मागे मोकळं अंगण आणि त्याच्या मागे घर वळसा घालून बसलंय असं दिसलं तर आन्चोरेना म्हणजेच सान मार्तिन. आणि लांबलचक दर्शनी भाग थेट चौकावर छाती काढून उभा असेल, बघून लूव्रची आठवण होत असेल, तर तो पास. शिवाय पासचं आकारमानच असं आहे की एका फोटोत तो मावत नाही, रस्ता ओलांडून झाडांत शिरावं लागतं.

एवढा पैसा आणि एवढं फ्रान्स आलं कुठून, तर गहू आणि बीफ. थंड डब्यांच्या बोटी निघाल्यावर अर्जेंटिनाचं मांस थेट युरोपच्या बाजारात जायला लागलं आणि पाम्पात जमीन असलेली घराणी एका पिढीत कुठल्या कुठे गेली. त्याआधी १८७१ मध्ये पिवळ्या तापाची मोठी साथ आली होती, तेव्हा श्रीमंत लोक दक्षिणेकडचं सान तेल्मो सोडून उत्तरेकडे सरकले होते, म्हणून हे सगळे वाडे तिकडे.

आणि टिकलं किती? पास कुटुंबाने १९३८ मध्ये घर सैन्याच्या क्लबला विकलं. आन्चोरेनांचं त्याआधीच, १९३६ मध्ये सरकारने परराष्ट्र खात्यासाठी घेतलं. जेमतेम पंचवीस-तीस वर्षं! १९२९ नंतर जगभर मंदी, धान्य-मांसाचे भाव पडलेले, त्यात तिथला वारसा कायदा सगळ्या मुलांना वाटा देणारा, एकशे चाळीस खोल्यांचं घर सांभाळायला नोकरांची फौज लागते आणि वाटण्या झाल्या की ती फौज कोण पोसणार. वाड्यांचं हे दुखणं आपल्यालाही काही नवीन नाही. आता खात्याचं रोजचं काम शेजारच्या आधुनिक बिल्डिंगमध्ये चालतं आणि वाडा पाहुणे, करार, समारंभ यांच्यासाठी ठेवलाय.

त्या आरोनबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०७ च्या नाताळच्या दिवशी हा गडी होर्खे न्यूबेरी या अर्जेंटिनाच्या विमानवीराबरोबर 'पाम्पेरो' नावाच्या बलूनमध्ये बसून ला प्लाता नदी ओलांडून थेट उरुग्वेत उतरला, इकडे आईचं घर अर्धवट बांधून झालेलं असताना. पुढे त्याने उरुग्वेत मोठी जमीन घेतली आणि मरताना ती तिथल्या सरकारला देऊन टाकली, आज ते उरुग्वेच्या राष्ट्राध्यक्षांचं सुट्टीचं ठिकाण आहे. म्हणजे राष्ट्राध्यक्षाचं घर व्हावं म्हणून धडपडला पास, आणि झालं कुणाचं तर आन्चोरेनाच्या पोराचं, तेही दुसऱ्याच देशात.

आता तिसरी बिल्डिंग, कारण तिच्यावरूनही लोक या दोघांची सरमिसळ करतात. चौकातच कावानाग नावाचा टॉवर आहे, १२० मीटर उंच, १९३६ चा, कोरिना कावानाग या श्रीमंत बाईने बांधून घेतलेला. गाईड सांगतात की मेर्सेदेसबाईंनी चौकापलीकडे स्वतःच्या पैशाने चर्च बांधलं होतं, त्यांच्या घराने कोरिनाला किंवा तिच्या मुलीला सून म्हणून नाकारलं, म्हणून कोरिनाने शेतं विकून मधे हा टॉवर ठोकला, वाड्यातून चर्च दिसू नये म्हणून. (काही जण हीच स्टोरी पास घराण्याच्या नावावर खपवतात, ते तर साफ चूक.) मला ही गॉसिप प्रचंड आवडते, पण हिशोब जुळत नाही हो, मेर्सेदेसबाई १९२० मध्येच गेल्या होत्या आणि टॉवर पूर्ण झाला त्याच साली वाडा सरकारकडे गेला, मग अडवायचं कुणाला? चर्च मात्र खरंच झाकलं गेलंय. ते समोरून नीट बघायचं असेल तर टॉवरच्या बाजूच्या एका छोट्या बोळात जाऊन उभं राहावं लागतं, आणि त्या बोळाचं नाव आहे कोरिना कावानाग.