जन्मजात चयापचय विकारांतील मेंदूचे प्रतिमाचित्रण

एखादे एन्झाइम जन्मतःच कमी पडल्यामुळे ज्या आजारांत रक्तात घातक द्रव्ये साचतात किंवा पेशींना ऊर्जा मिळत नाही, त्यांत तान्ह्या बाळाच्या मेंदूची चित्रे काढून निदानाचा माग काढण्याची पद्धत. टाळू दीड वर्षाच्या आसपास भरून येते, तोवर तिच्यातून सोनोग्राफी करता येते. अतिदक्षता विभागात पाळण्याजवळच ती होते. मात्र मेंदूच्या खोल भागांचा नीट उलगडा एमआरआयनेच होतो.

असे बाळ बहुधा पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे असते. दोन-चार दिवस छान दूध ओढते, मग पिणे सोडते, मलूल होते, झटके येऊ लागतात. पहिला संशय जंतुसंसर्गाचा किंवा जन्मताना गुदमरल्याचा येतो आणि मोलाचे तास त्यातच जातात. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, आरशात पाहावे तसे सारखेच बदल दिसले, तर चयापचय विकाराचा विचार लगेच करायला हवा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मेपल सिरप युरिन डिसीज. १९५४ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन झाले. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही अमिनो आम्ले त्यात पुढे मोडली जात नाहीत. पोटात असेतो वारेतून आईचे शरीर हा भार वाहते. जन्मानंतर तो बाळावर पडतो. मेंदूत जिथे जन्मापर्यंत तंतूंवर मायलिनचे (स्निग्ध आवरणाचे) वेष्टन चढलेले असते, नेमकी तिथेच सूज येते : लहान मेंदूचा पांढरा भाग, मेंदूस्तंभाची मागची बाजू, इंटर्नल कॅप्सूलचा (मेंदूच्या खोल भागातील तंतूंच्या जाड पट्ट्याचा) मागचा भाग आणि तिथून वर हालचालींच्या केंद्राकडे जाणारे तंतू. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात (त्यात पाण्याच्या रेणूंची हालचाल कळते) हे पट्टे लख्ख पांढरे दिसतात. गुदमरलेल्या बाळात असा पांढरेपणा बहुतेकदा पेशी मरत असल्याची खूण असते. इथे मात्र पाणी मायलिनच्या थरांमध्ये अडकलेले असते. रक्तातील ल्युसीन वेळेत उतरवले तर सूज ओसरू शकते. म्हणून हे चित्र पाहून आईवडिलांना ‘आता काही उरले नाही’ असे सांगणे घोर चूक ठरते.

या आजारात लंगोटाला आणि कानातल्या मळालाही जळक्या साखरेसारखा वास येतो. हाच वास मेथीतल्या सोटोलोन या द्रव्याचा असतो. आईने मेथी खाल्ल्यामुळे निरोगी बाळाच्या लघवीला तो वास येऊन संशय बळावल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतातच, तेव्हा हे विचारून घ्यावे; पण बाळ मलूल असेल तर लाडवांवर विसंबून तपासणी टाळू नये.

ग्लुटारिक ॲसिड्युरिया प्रकार १ मध्ये उलट घडते. बाळ हसते-खेळते असते, फक्त डोके जरा मोठे; पण एमआरआयमध्ये कानशिलांकडच्या खाचा वटवाघळाच्या पंखांसारख्या रुंद दिसतात. नंतर साध्या तापात किंवा जुलाबात स्ट्रायाटम हा हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूतला खोल भाग अचानक कायमचा निकामी होतो. या मुलांत कवटीखाली रक्तही साचू शकते आणि मारहाणीचा खोटा आळ पालकांवर येऊ शकतो.

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी मेंदूतील रसायनांचा आलेख देते. मेपल सिरपच्या आजारात ०.९ पीपीएमजवळ (पीपीएम हे आलेखावरील जागेचे एकक) जास्तीचे शिखर उठते, नॉनकिटोटिक हायपरग्लायसिनेमिया या ग्लायसीन साचण्याच्या आजारात ग्लायसीनचे ३.५५ च्या आसपास, ऊर्जानिर्मितीच्या विकारांत लॅक्टेटचे जोडशिखर १.३ जवळ. क्रिएटिनच्या कमतरतेत ३.० जवळचे नेहमीचे शिखर जवळपास नसतेच.

लहान बाळाला भूल टाळून, पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून झोपेतच एमआरआय करता येतो. चयापचय विकाराच्या संशयात भूल द्यावीच लागली तर उपास हा खरा धोका : उपाशी शरीर स्वतःची प्रथिने मोडते आणि विष आणखी वाढते. ग्लुकोजचे सलाईन क्षणभरही तोडू नये. साधा पंप चुंबकाजवळ नेता येत नाही, म्हणून लांब नळी आधीच जोडून ठेवतात. चित्र वाचणाऱ्याला बाळाचे वय दिवसांत सांगावे, कारण पाण्याने भरलेल्या नवजात मेंदूत नेहमीची छटाही मोठ्या माणसाला आजार ठरावी अशी असते.

एमआरआय निर्दोष आला म्हणून आजार नाही असे होत नाही. रक्तातील अमोनिया व लॅक्टेट, टीएमएस (टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री) आणि लघवीची जीसीएमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) या साचलेली द्रव्ये ओळखणाऱ्या तपासण्या चित्राची वाट न पाहता पाठवाव्यात. गोव्यात २००८ मध्ये सरकारने नवजातांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू केला. लक्षणांआधीच आजार सापडावा हा अशा तपासणीचा हेतू.

यांतले बहुसंख्य आजार आई व वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होतात, म्हणून मामेबहीण-आतेभावासारख्या नात्यातल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. आईवडील दोघांकडेही असा सदोष जनुक असेल तर प्रत्येक गरोदरपणी धोका २५ टक्के असतो. पुढच्या खेपेला अकराव्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा तपासता येतो. पण त्यासाठी आधीच्या बाळातील नेमका जनुकदोष ठाऊक असावा लागतो, आणि तो एमआरआय सांगू शकत नाही. बाळ वाचण्याची आशा कमी असली तरी त्याच्या रक्तातून डीएनए जपून ठेवावा, तो याचसाठी.