हुलस्थूल

हुलस्थूल हे आसामी भाषेतले नाम आहे. गलका, गदारोळ, हलकल्लोळ हे त्याचे जवळचे मराठी प्रतिशब्द. एखाद्या घटनेने उडालेली धांदल आणि खळबळही त्यात येते, म्हणून नुसता ‘मोठा आवाज’ एवढाच अर्थ धरला तर शब्द अर्धाच कळतो. बंगालीतही तो रूढ आहे. आसामीत याच घरातले कोलाहल, हाइ-उरुमि आणि हैचै हे शब्दही चालतात. आसामी ‘च’चा उच्चार ‘स’ होत असल्याने हैचै ऐकू येते ते ‘होइसोइ’ असे.

आसामीत एकटा ‘स’ बहुधा घशाशी घासून, ‘ख’च्या जवळ जाणारा उच्चारतात. इथे मात्र तो ‘स्थ’ या जोडाक्षरात असल्याने ‘स’च राहतो. ‘ल’मधला अ ओठ गोल करून येतो, आणि ‘थू’ लिहायला दीर्घ असला तरी आसामी उच्चारात उ-ऊ असा भेद नाही.

मराठी वाचकाला खरी गंमत वाटेल ती व्याकरणात. ‘मुलांनी गोंधळ केला’, पण ‘मुलांनी गडबड केली’: आपले क्रियापद नामाच्या लिंगामागे जाते. आसामीत व्याकरणिक लिंगच नाही. ‘लराहँते हुलस्थूल करिले’ म्हणजे मुलांनी गलका केला. इथे ‘करिले’ हे रूप कर्त्याच्या पुरुषावरून ठरते, हुलस्थूलवरून नाही. आम्ही केला असेल तर ‘आमि हुलस्थूल करिलों’. भूतकाळाचा ‘ल’ मात्र दोन्ही भाषांत आहे, आणि एवढ्या अंतरावरच्या भाषांत तो सापडतो याचे अप्रूप वाटते.

‘लराहँते’मधला ‘ए’ हा आपल्या ‘नी’सारखा कर्त्याचा प्रत्यय. आपला ‘नी’ ‘मुलं गोंधळ करतात’ म्हणताना गळतो. आसामी ‘ए’ वर्तमानकाळातही टिकतो: ‘लराहँते हुलस्थूल करिछे’. गदारोळ आपोआप माजला तर ‘हुलस्थूल लागिल’. क्रिया अकर्मक झाली, म्हणून नामाला ‘ए’ नाही आणि क्रियापदाचा शेवटही ‘ले’ऐवजी ‘ल’. कर्म असतानाही हे नाम बिनप्रत्ययच राहते, कारण ‘क’ हा कर्माचा प्रत्यय निर्जीव वस्तूंना सहसा लागत नाही. बाकी रूपे सरळ आहेत: षष्ठीत हुलस्थूलर, सप्तमीत हुलस्थूलत.

नकार क्रियापदाच्या आधी चिकटतो. अंगणात दंगा करणाऱ्या पोराला ‘हुलस्थूल नकरिबि’ म्हणतात, ‘तुमि’ (‘तू’ आणि आदरार्थी ‘आपण’ यांच्या मधले संबोधन) म्हणण्याइतक्या नात्यातल्या माणसाला ‘नकरिबा’, आणि आदराने ‘नकरिब’. या ‘न’चा स्वर पुढच्या स्वराप्रमाणे बदलतो: ‘करे’चे ‘नकरे’, पण ‘लागे’चे ‘नालागे’.

‘ईया’ प्रत्यय लागून हुलस्थूलीया हे विशेषण होते. आसामी बातम्यांत ‘हुलस्थूलीया परिस्थिति’ हा प्रयोग नेहमी आढळतो. आपली वर्तमानपत्रे अशा वेळी ‘गोंधळाचे वातावरण’ लिहितात.