राद्झिविल घराणे आणि ‘त्रॉम्बी’ कुलचिन्ह

राद्झिविल घराणे : लिथुआनियाच्या महाडचीतून (ग्रँड डची, म्हणजे थोरल्या ड्यूकचे राज्य) पुढे आलेले आणि पोलंड-लिथुआनिया संयुक्त राज्यातले सर्वांत बलाढ्य सरदार घराणे. लिथुआनियन भाषेत ‘रादविला’, बेलारूसी उच्चारात ‘राद्झिविल’, तर पोलिश तोंडी ते साधारण ‘राजीविव’ असे ऐकू येते. पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लिथुआनियाचे चान्सलर, सेनापती, राजधानी विल्नियसचे सुभेदार, बिशप आणि एक राणी या घराण्यातून आली. त्यांच्या मोठेपणाची बहुतेक बाह्य चिन्हे मात्र बाहेरून आलेली होती. कुलचिन्ह पोलंडकडून मिळाले, राजपुत्रपदाची पदवी जर्मन सम्राटाकडून आणि आडनाव एका पूर्वजाच्या पाळण्यातल्या नावावरून.

घराण्याचा ऐतिहासिक मूळ पुरुष क्रिस्तिनास आस्तिकास. तो पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्नियसचा कॅस्टेलन, म्हणजे मोठा किल्लेदार होता. त्याच्या एका मुलाचे नाव रादविला. रादविलाचा मुलगा मिकालोयुस विल्नियसचा सुभेदार आणि महाडचीचा चान्सलर झाला, आणि त्याच्यापासून वडिलांचे नाव हेच कुळाचे आडनाव म्हणून रूढ झाले. एवढ्या साध्या उगमावर मोठ्या घराण्याचे समाधान होत नाही, म्हणून पुढे एक दंतकथा जोडली गेली. गेदिमिनास राजाला स्वप्नात डोंगरावर ओरडणारा लोखंडी लांडगा दिसला. लिझदेइका नावाच्या पुजाऱ्याने त्याचा अर्थ सांगितला की या जागी नगर वसव. त्यातून विल्नियस उभे राहिले. हा लिझदेइका लहानपणी गरुडाच्या घरट्यात सापडला होता आणि राद्झिविल त्याचेच वंशज, असे सांगितले जाई. लिथुआनियन भाषेत ‘लिझदास’ म्हणजे घरटे. पोलिश भाषेत ‘राजी’ म्हणजे सल्ला देतो. तेव्हा विल्नियसचा सल्ला देणारा तो राद्झिविल, अशीही फोड करण्यात आली. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही, पण घराण्याला ती इतकी आवडली की ‘देव आम्हाला सल्ला देतो’ या अर्थाचे ‘बूग नाम राजी’ हे त्यांचे ब्रीदवाक्यही याच शब्दावर बेतलेले आहे.

कुलचिन्हाची गोष्ट दंतकथेची नाही, दस्तऐवजाची आहे. २ ऑक्टोबर १४१३ रोजी बुग नदीकाठच्या होरोद्वो येथे पोलंड आणि लिथुआनिया यांच्यात करार झाला. त्यानुसार ४७ पोलिश सरदार कुळांनी तितक्याच कॅथलिक लिथुआनियन सरदारांना आपल्या कुलचिन्हात सामावून घेतले. लिथुआनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षेच झाली होती. पश्चिमी पद्धतीची कुलचिन्हे तिथे नवीनच होती. आस्तिकासच्या वाट्याला ‘त्रॉम्बी’ हे चिन्ह आले. ग्निएझ्नोचा आर्चबिशप मिकोवाय त्रॉम्बा याचेही हेच चिन्ह. लग्नाशिवाय आणि रक्ताशिवाय सोयरीक जुळवण्याचा हा प्रकार होता.

‘त्रॉम्बी’ म्हणजे शिंगे, फुंकायची. रुपेरी ढालीवर शिकाऱ्याची तीन काळी शिंगे. तिघांची फुंकण्याची तोंडे मध्यभागी एकत्र आलेली आणि रुंद टोके तीन दिशांना वळलेली, जणू तीन पात्यांचे चक्र. शिंगांवरचे बंद सोनेरी. ढालीवर मुकुटधारी शिरस्त्राण आणि त्यावर शहामृगाची पाच पिसे. मराठी वाचकाला पहिल्यांदा पाहताना तुतारी आठवेल, पण ही धातूची लांब तुतारी नव्हे. शिकारीत कुत्र्यांना आणि सोबत्यांना इशारा द्यायचे हे आखूड, वाकडे शिंग आहे.

येथे पोलिश पद्धतीतला एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो, नाहीतर पुढचे कळत नाही. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह एका माणसाचे आणि त्याच्या वारसाचे. धाकट्या भावालाही त्यात खूण करून फरक दाखवावा लागे. पोलंडमध्ये कुलचिन्हाला स्वतःचे नाव असते आणि एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली अनेक घराणी तेच चिन्ह लावतात. त्रॉम्बी वापरणारी कितीतरी लहानमोठी कुटुंबे होती, त्यांतली काही एखाद-दोन गावांची मालक. म्हणजे अर्ध्या परगण्याचा धनी राद्झिविल आणि त्याच्या दारात जेवणारा गरीब सरदार यांची ढाल एकच असू शके. शिवाय ‘श्लाख्ता’ हा सरदारवर्ग तत्त्वतः समान मानला जाई आणि राजपुत्र, काउंट वगैरे पदव्यांकडे संशयाने पाहिले जाई. अशा व्यवस्थेत वेगळे दिसायचे तर पदवी बाहेरूनच आणावी लागणार होती.

ती आणली गेली. १५१८ मध्ये पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने घराण्याच्या एका शाखेला राजपुत्रपद दिले, पण ती शाखा लवकरच संपली. १५४७ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याने पुन्हा सनद दिली. ‘काळा’ मिकोवाय आणि त्याचा भाऊ यांना ओविका आणि नेस्विझ (हे आज बेलारूसमध्ये) यांचे, तर त्यांचा चुलतभाऊ ‘तांबडा’ मिकोवाय याला बिर्झाई आणि दुबिंगिआइ यांचे राजपुत्रपद. १५४९ मध्ये पोलंडच्या राजाने त्याला मान्यता दिली. त्यानंतरच्या चित्रांत, शिक्क्यांत आणि थडग्यांवर त्रॉम्बीची ढाल काळ्या गरुडाच्या छातीवर बसलेली दिसते, आणि वर राजपुत्राची टोपी. शिंगे सर्वांची, गरुड मात्र फक्त आपला, असा तो हिशेब.

१५४७ हे साल अकस्मात आलेले नाही. त्याच वर्षी ‘तांबड्या’ची बहीण बार्बारा हिच्याशी पोलंडचा राजा दुसरा झिगमुंट आउगुस्ट याने गुपचूप लग्न लावले. ती विधवा, आणि राजाच्या आईला, इटालियन बोना स्फोर्झाला, ही सून नको होती. सेमच्या, म्हणजे पोलिश संसदेच्या, अधिवेशनात सरदारांनी राजाला हे लग्न मोडायला सांगितले. राजाने ऐकले नाही. ७ डिसेंबर १५५० रोजी बार्बाराचा राज्याभिषेक झाला आणि ८ मे १५५१ रोजी ती क्राकूव येथे वारली. सासूने विष घातले, ही वदंता आजही सांगितली जाते. आजार कर्करोगाचा असावा असे अलीकडचे मत. राजाने शवपेटीबरोबर क्राकूवपासून विल्नियसपर्यंतचा प्रवास केला आणि तिला तिच्या गावी, विल्नियसच्या कॅथेड्रलमध्ये ठेवले. १९३१ च्या पुरानंतर तिथले तळघर तपासताना ती कबर पुन्हा सापडली.

टोपणनावांबद्दल दोन शब्द. घराण्यात मिकोवाय हे नाव इतक्या वेळा येते की टोपणनावाशिवाय माणूस ओळखताच येत नाही. काळा आणि तांबडा हे दाढीच्या रंगावरून. तांबड्याचा मुलगा क्षिश्तॉफ ‘पियोरून’, म्हणजे वीज. काळ्याचा मुलगा मिकोवाय क्षिश्तॉफ ‘शेरोत्का’, पोरका. लहानपणी तो राजवाड्यात एकटाच रडत बसलेला राजाला दिसला आणि राजाने त्याला पोरका म्हटले, अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकातला कारोल स्तानिस्वाव दर वाक्याला ‘पानिए कोखान्कू’ (म्हणजे ‘अहो साहेब, माझ्या जिवलगा’) म्हणायचा, तर तेच त्याचे नाव पडले. भर उन्हाळ्यात मिठाचा रस्ता करून त्यावर बर्फगाडी हाकल्याचे त्याचे किस्से पिढ्यान् पिढ्या रंगवून सांगितले गेले.

काळा मिकोवाय कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट होता. १५६३ मध्ये ब्रेस्त येथे छापलेले पोलिश बायबल त्याच्या पैशाने निघाले. मुलगा शेरोत्का १५६७ मध्ये कॅथलिक झाला, आणि वडिलांनी छापवलेल्या प्रती त्याने विकत घेऊन जाळल्या असे सांगतात. या शेरोत्काने नेस्विझचा चेहरामोहरा बदलला. त्याने इटालियन जेझुइट वास्तुविशारद जान मारिया बेर्नार्दोनीला बोलावले आणि १५८७ ते १५९३ या काळात कॉर्पस क्रिस्ती चर्च बांधवले. पूर्व युरोपातल्या अगदी पहिल्या बरोक चर्चपैकी ते एक. चर्चखालचे तळघर घराण्याची दफनभूमी झाले आणि तिथे आता सत्तरहून अधिक शवपेट्या आहेत.

शेरोत्काने १५८२ ते १५८४ या काळात जेरुसलेमची यात्रा केली. परतीच्या वाटेवर त्याने इजिप्तमध्ये दोन ममी विकत घेतल्या आणि जहाजात लपवल्या. समुद्रात भयंकर वादळे उठली. सोबतच्या पाद्र्याला प्रार्थना करताना दोन भुते छळू लागली. शेवटी शेरोत्काने ममी समुद्रात फेकून दिल्या आणि वादळ शमले. ही हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. नेस्विझच्या चर्चमधल्या त्याच्या स्मारकावर तो चिलखतातला सरदार म्हणून नाही, तर यात्रेकरूच्या वेशात कोरलेला आहे.

घराण्याची खरी ताकद मात्र ‘ऑर्दिनात्सिया’त होती. १५८६ मध्ये शेरोत्का आणि त्याचे भाऊ यांनी नेस्विझ, क्लेत्स्क आणि ओविका या तीन जहागिऱ्या अविभाज्य ठरवल्या: विकायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत, मुलींना हुंड्यात द्यायच्या नाहीत; शाखा खुंटली तर दुसऱ्या शाखेकडे जायच्या. भाऊबंदकीने वतने तुकडे तुकडे झालेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको. १८१३ मध्ये त्याची कसोटी लागली. नेपोलियनच्या बाजूने लढणारा दोमिनिक राद्झिविल हानाउच्या लढाईतल्या जखमांनी मेला आणि मागे एकच मुलगी, स्तेफानिया, राहिली. नियमाबाहेरची प्रचंड मालमत्ता तिच्या लग्नामुळे विट्‌गेनश्टाइन कुटुंबात गेली, पण नेस्विझची जहागीर आंतोनी हेन्रिक या नातलगाकडे, म्हणजे घराण्यातच राहिली. हा आंतोनी प्रशियाच्या राजघराण्याचा जावई आणि पोझनानच्या महाडचीचा गव्हर्नर. चेलो वाजवायचा, स्वतः संगीत रचायचा. तरुण शोपँने आपले पियानो त्रयी त्याला अर्पण केले आहे.

दुसरी, बिर्झाईची शाखा कॅल्व्हिनपंथीच राहिली. तिचा शेवटही वादग्रस्त झाला. १६५५ मध्ये रशियन फौज विल्नियसमध्ये शिरली, पोलंडच्या राजाकडून मदत येईना, तेव्हा सेनापती यानुश राद्झिविलने केदाइनिआइ येथे स्वीडनशी करार करून लिथुआनिया स्वीडिश राजाच्या छत्राखाली नेला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला तिकोचिनच्या वेढलेल्या किल्ल्यात तो मेला. पोलिश परंपरेत तो गद्दार ठरला. एकोणिसाव्या शतकातल्या एका गाजलेल्या कादंबरीने ती प्रतिमा पक्की केली. लिथुआनियात त्याच्याकडे पोलंडपासून स्वतंत्र वाट शोधणारा म्हणूनही पाहिले जाते, आणि केदाइनिआइत त्याचा पुतळा आहे. १५६९ च्या लुब्लिन करारालाही ‘तांबड्या’ने विरोध केला होता. पोलिश ढाल छातीवर घेऊन पोलंडशी एकजीव व्हायला नकार देणारे हे लोक होते. त्यांना आजच्या एकाच देशात बसवायचा आग्रह इतिहासाला धरून नाही.

स्वुत्स्क हे गावही लग्नसंबंधातून राद्झिविलांकडे आले. अठराव्या शतकात तिथे कमरेचे रेशमी शेले विणण्याचा कारखाना निघाला. यान माजार्स्की हा इस्तंबूलकडचा आर्मेनियन कारागीर त्याचा कर्ता. सरदाराच्या लांब अंगरख्यावर गुंडाळायचा हा शेला अनेकदा चार रंगांचा असे: उभा दुमडला की एका वेळी एकच रंग बाहेर दिसायचा. शोकाला काळी बाजू, सणाला उजळ. टोकाला बारीक अक्षरांत स्वुत्स्कचे नाव विणलेले. पर्शियन नक्षी, आर्मेनियन हात, बेलारूसी गाव आणि पोलिश वेश.

दोन महायुद्धांच्या दरम्यान नेस्विझ पोलंडमध्ये होते. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौज आली आणि राद्झिविल कायमचे बाहेर पडले. त्याच पूर्व सीमाभागातून हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत पोचली. नेस्विझचा राजवाडा आरोग्यधाम झाला. २००२ मध्ये त्याला आग लागली, २००५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि दुरुस्तीनंतर आता संग्रहालय आहे. जवळचा मीर किल्ला, तोही एके काळी त्यांचाच, २००० पासून यादीत आहे. १५५१ पासून महाडचीची कागदपत्रे सांभाळण्याचा अधिकार मिळालेले घराण्याचे दफ्तर आज अनेक देशांत विखुरले आहे. २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ नोंदवहीत ते दाखल झाले ते बेलारूस, फिनलंड, लिथुआनिया, पोलंड, रशिया आणि युक्रेन अशा सहा देशांच्या नावे.