ल्यूशी छुनछ्यू

प्राचीन चीनमधील एक संकलित ग्रंथ. त्या काळी चीनमध्ये एकमेकांशी झगडणाऱ्या राज्यांपैकी छिन या राज्याचा महामंत्री ल्यू बुवेइ याच्या पदरी असलेल्या विद्वानांनी तो इ. स. पू. २३९ च्या सुमारास सिद्ध केला. बारा 'ची' (नोंदी), आठ 'लान' (परीक्षणे) आणि सहा 'लुन' (विवेचने) मिळून २६ खंड आणि १६० प्रकरणे अशी त्याची रचना आहे. ऋतुमान, संगीत, युद्ध, आरोग्य, राजनीती आणि शेती असे विषय त्यात येतात. त्यामुळे त्याला पुष्कळदा ज्ञानकोश म्हटले जाते. तथापि सत्तेच्या ज्या चढाओढीतून तो जन्मला, ती बाजूला ठेवून वाचल्यास त्याचे मर्म हाती लागत नाही.

ल्यू बुवेइ हा मूळचा व्यापारी. चाओ राज्याच्या हानतान या राजधानीत ओलीस ठेवलेल्या एका दुर्लक्षित छिन राजपुत्रामागे त्याने आपला पैसा उभा केला आणि निपुत्रिक युवराज्ञीला त्याला दत्तक घ्यायला लावले. हा राजपुत्र इ. स. पू. २४९ मध्ये गादीवर आला आणि ल्यू महामंत्री झाला. राजा लवकरच वारला. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा चंग याच्या नावाने कारभार ल्यूच पाहू लागला. बालराजा त्याला 'चुंगफू', म्हणजे पित्यासमान, म्हणत असे.

त्या काळी वेइ राज्याचा शिनलिंग, छुचा छुनशन, चाओचा फिंगयुआन आणि छीचा मंगछांग या चार सरदारांचा मोठा दबदबा होता. त्यांच्या वाड्यांवर हजारो आश्रित पोसले जात. त्यांत विद्वान आणि वक्ते असत, तलवारबहाद्दर असत, प्रसंगी चोरही असत. छिनचे सैन्य सर्वांना भारी होते, पण विद्येच्या बाबतीत त्या राज्याला मान नव्हता. छिनला भेट देणाऱ्या श्युनत्स या तत्त्वज्ञाने तिथल्या शिस्तशीर कारभाराची वाखाणणी केली, पण विद्वानांची वानवा ही उणीव त्याला खटकली. इतिहासकार सिमा छ्येन सांगतो, की या चौघांपुढे आपण कमी पडतो याची ल्यूला लाज वाटली, म्हणून त्याने ३,००० आश्रित जमवले आणि प्रत्येकाला आपापले ज्ञान लिहून काढायला सांगितले. या हकीकतीत कालगणनेचा घोळ आहे. ल्यू महामंत्री होण्याआधीच मंगछांग आणि फिंगयुआन वारले होते. शिनलिंगची धास्ती मात्र खरी होती. इ. स. पू. २४७ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पाच राज्यांच्या फौजांनी छिनला मागे रेटले होते.

ग्रंथ पूर्ण झाल्यावर तो श्येनयांगच्या बाजाराच्या वेशीवर मांडण्यात आला, वर सोने टांगले आणि दवंडी पिटली: यात एक अक्षर घालून वा गाळून दाखवील त्याला हजार सुवर्ण. कोणीही पुढे आले नाही. पुढे छिननंतरच्या हान राजवटीतील भाष्यकार गाओ योऊ याने लिहिले, की लोकांना ते जमण्यासारखे होते, पण महामंत्र्याच्या सत्तेची भीती होती. त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

या बाहेरच्या चढाओढीपेक्षा घरातली चढाओढ अधिक महत्त्वाची मानावी लागते. इ. स. पू. २३९ मध्ये चंग वयात येत होता आणि राज्यकारभार त्याच्या हाती जाण्याची वेळ आली होती. ग्रंथ जणू त्यालाच उद्देशून बोलतो. राजाने स्वतः प्रत्येक कामात हात घालू नये, लायक माणसे हेरून त्यांच्यावर कारभार सोपवावा, हे सूत्र त्यात पुन्हा पुन्हा येते. 'जग एकट्याचे नव्हे, जग साऱ्या जगाचे आहे' असे एक प्रकरण निक्षून सांगते. वेळेवर पडणारा पाऊस एकाच वस्तूवर माया करत नाही, तसा प्रजेचा स्वामीही कोणा एकाची बाजू घेत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. एकछत्री सत्तेकडे निघालेल्या तरुण राजाच्या राजधानीत हे लिहून वेशीवर मांडणे धाडसाचेच होते. जुन्या कायद्यांना चिकटून राहण्याला मात्र ग्रंथाचा पाठिंबा नाही. छु देशातल्या एका माणसाची तलवार नदीत पडते, तो चालत्या नावेच्या कडेला खूण करतो आणि नाव थांबल्यावर त्या खुणेखाली बुडी मारतो. काळ बदलल्यावर जुन्या कायद्याने राज्य चालवणे हे असेच, असा या कथेचा रोख आहे.

चंगने हा मार्ग पत्करला नाही. इ. स. पू. २३८ मध्ये राजमातेचा मर्जीतला लाओ आय याने बंड केले. त्याला राजवाड्यात आणणारा ल्यूच होता. पुढच्या वर्षी ल्यूचे पद गेले. त्यानंतरही निरनिराळ्या राज्यांचे दूत त्याच्या भेटीला येत राहिले, तेव्हा राजाने त्याला शू प्रांतात जाण्याचा हुकूम दिला. इ. स. पू. २३५ मध्ये त्याने विष घेतले. त्याचाच एकेकाळचा आश्रित ली स्स पुढे राजाचा प्रमुख सल्लागार बनला. चंग छिन श-ह्वांग या नावाने सम्राट झाल्यावर इ. स. पू. २१३ मध्ये देशभरातील अनेक ग्रंथ जाळण्याचा प्रस्ताव मांडणारा तोच.

'ल्यूशी छुनछ्यू' टिकला. हान दरबाराच्या ग्रंथसूचीत त्याला 'संमिश्र' विचारधारेत बसवण्यात आले. अनेक पंथांचे विचार एकत्र गुंफण्याची त्याची रीत ह्वायनानचा राजा ल्यू आन याने उचलली आणि आपल्या विद्वानांकडून 'ह्वायनानत्स' हा ग्रंथ रचून घेऊन इ. स. पू. १३९ मध्ये हान सम्राट वू याला सादर केला. ल्यू आन हा सम्राटाचा काका. त्याच्यावर इ. स. पू. १२२ मध्ये राजद्रोहाचा आरोप आला आणि त्यानेही आत्महत्या केली.