समुद्रातल्या पवनचक्कीचं काय काय कसारा घाट उतरू शकतं?

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या नाशिककरांना नव्या नाहीत. जमिनीवर आज बसणाऱ्या ३ मेगावॉटच्या पवनचक्कीचं एक पातं सुमारे ७० मीटर लांब असतं. एवढं पातं ट्रेलरवर घालून वळणावळणाने डोंगरावर चढवता येतं. त्रास होतो, पण जमतं. समुद्रासाठीच्या १५ मेगावॉटच्या यंत्राचं पातं ११५ मीटरचं असतं. ते नाशिकहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या कसारा घाटातून उतरणार नाही, आणि सरळ सपाट महामार्गावरसुद्धा चौकात वळणार नाही. समुद्री पवनऊर्जेचा उद्योग देशात कुठे आणि कसा उभा राहील, हे बऱ्याच अंशी या लांबीरुंदीवरच ठरतं.

एवढं मोठं यंत्र हवंच कशाला? वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ७ मीटरचा वारा ९ मीटरचा झाला तर वेगात दोनचाच फरक दिसतो, पण ३४३ च्या जागी ७२९, म्हणजे ऊर्जा दुपटीहून जास्त होते. समुद्रावर डोंगर, झाडं, इमारती आड येत नाहीत, त्यामुळे वारा अधिक वेगाने आणि एकसारखा वाहतो. त्यात पात्यांच्या चक्राचा व्यास १४४ मीटरवरून २३६ मीटरवर नेला की वारा पकडणारं क्षेत्रफळ पावणेतीनपट होतं. आणि समुद्रातला खर्च यंत्रापेक्षा पाया, जहाज आणि केबल यांवर जास्त होतो. पाच छोट्या यंत्रांसाठी पाच पाये ठोकण्यापेक्षा एका मोठ्या यंत्रासाठी एकच पाया ठोकणं परवडतं. डेन्मार्कमध्ये १९९१ साली विंडेबीला जगातला पहिला समुद्री प्रकल्प उभा राहिला, तेव्हा ११ यंत्रं मिळून ५ मेगावॉटही भरत नव्हती. आज एकच यंत्र त्याच्या तिप्पट क्षमतेचं असतं.

भारताने समुद्री पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर केलं. २०१७ मध्ये खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावाव बंदरापासून वीसेक किलोमीटरवर, लायडार बसवला. हे उपकरण लेसरचा झोत वर सोडतं आणि हवेतल्या सूक्ष्म कणांवरून परतलेल्या प्रकाशाच्या वारंवारितेतल्या फरकावरून वाऱ्याचा वेग काढतं. तिथली सरासरी सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास आली. वाईट नाही, पण युरोपातल्या उत्तर समुद्रासारखीही नाही. तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात वारा याहून जोरकस आहे. म्हणून पहिल्या टप्प्यात या दोनच किनाऱ्यांचा विचार झाला. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही.

२०१८ मध्ये गुजरातजवळच्या १ हजार मेगावॉटसाठी इच्छुकांना विचारलं, तेव्हा ३५ कंपन्या पुढे आल्या. प्रकल्प मात्र एकही उभा राहिला नाही. वीज महाग पडणार होती आणि तो फरक कोण भरणार हे ठरलेलं नव्हतं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी आहेत, म्हणजे मेगावॉटमागे ६ कोटी ८५ लाखांचा टेकू. उरलेले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. या १ हजार मेगावॉटमधून वर्षाला ३७२ कोटी युनिट वीज अपेक्षित आहे. हिशेब केला तर यंत्रं पूर्ण क्षमतेच्या ४२ टक्क्यांवर चालतील असं गृहीत धरलेलं दिसतं.

अनुदान आलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. ब्रिटन या क्षेत्रातलं अनुभवी राष्ट्र. तिथे २०२३ च्या लिलावात सरकारने विजेच्या कमाल दराची मर्यादा फार खाली ठेवली. पोलाद आणि व्याजदर दोन्ही वाढलेले होते. समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. कारखानदार क्रेन आणि यंत्रसामग्रीत पैसा घालतो तो पुढच्या दहा वर्षांच्या मागणीकडे बघून. एक निविदा, मग तीन वर्षं शांतता, असं झालं की तो वाट न बघता दुसऱ्या धंद्याला लागतो. मला विचाराल तर अनुदानाच्या रकमेपेक्षा दरवर्षी ठरल्या वेळी निघणारी ठरावीक आकाराची निविदा या उद्योगासाठी जास्त मोलाची आहे.

आता घाटाच्या कसोटीवर एकेक भाग घासून पाहू. पाया म्हणजे मोनोपाइल: ८ ते १० मीटर व्यासाची पोलादी नळी, वजन दीड-दोन हजार टन. सुमारे १०० मिलिमीटर जाडीचे पत्रे गोल वाकवायचे, एकमेकांना वेल्ड करायचे, आणि नळी थेट धक्क्यावरून बार्जवर घ्यायची. हे काम किनाऱ्यावरच होणार. पाण्याची खोली वाढली की नळीऐवजी जॅकेट, म्हणजे तेलविहिरींच्या फलाटाखाली असतो तसा जाळीदार सांगाडा लागतो. मुंबई हायचा तेलसाठा १९७४ मध्ये सापडला, तेव्हापासूनची ही विद्या आपल्याकडे आहे आणि हजिऱ्याला असे सांगाडे आजही बनतात. पाती आणि ५०० टनांच्या घरातली नॅसेल (मनोऱ्याच्या डोक्यावरची यंत्राची खोली) यांनाही समुद्रालगतचाच कारखाना हवा. बंदराचा धक्का दर चौरस मीटरला दहा-वीस टनांचा भार पेलणारा लागतो. कंटेनर उतरवणाऱ्या नेहमीच्या धक्क्यावर हे भाग उचलणारी अवजड क्रेन उभी केली तर तो खचेल. शिवाय समुद्रतळावर पाय रोवून स्वतःला पाण्याबाहेर उचलून घेणारं उभारणीचं जहाज लागतं. जगात अशी जहाजं मोजकी आहेत आणि त्यांचं भाडं दिवसावर चालतं. दोन दिवस वादळाने गेले तर तो खर्च कुणाच्या माथी, हे करारात आधीच लिहावं लागतं.

घाट सहज उतरतं ते विजेचं सामान, आणि इथे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींचा विषय सुरू होतो. मध्यम आणि उच्च दाबाचे सर्किट ब्रेकर, स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची यंत्रणा) पॅनेल, करंट ट्रान्सफॉर्मर, त्यांना लागणारे तांब्याचे बसबार, इपॉक्सीचे इन्सुलेटर, पत्र्याचं काम हे सगळं नाशिकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे.

समुद्रात नेमकं काय लागतं ते पाहू. प्रत्येक यंत्रातली वीज ट्रान्सफॉर्मरने ६६ किलोव्होल्टवर चढवतात. पूर्वी हा आकडा ३३ होता. १५ मेगावॉटला ३३ किलोव्होल्टवर सुमारे २६२ अँपिअर लागतात, ६६ वर १३१. प्रवाह निम्मा झाला की त्याच केबलमधला वहननाश चौथ्या हिश्श्यावर येतो. ७०० अँपिअर वाहू शकणाऱ्या एका केबलवर ३३ किलोव्होल्टला दोनच यंत्रं जोडता येतात, ६६ ला पाच. ५०० मेगावॉटच्या प्रकल्पात ३४ यंत्रं धरली तर सात माळा होतात. या माळा समुद्रातल्या सबस्टेशनवर येतात, तिथे दाब २२० किलोव्होल्ट होतो आणि वीज जाड केबलने किनाऱ्यावर जाते. म्हणजे एका प्रकल्पात ६६ किलोव्होल्टचे किमान ३४ स्विचगिअर संच, शिवाय सबस्टेशनमधले वेगळे.

हा संच मनोऱ्याच्या बुडाशी बसतो आणि मनोऱ्याचं दार जेमतेम एका माणसाला सामानासह आत जाता येईल एवढंच असतं. संच उभारणीआधी बसवला तरी बिघडलेला भाग उद्या त्याच दारातून बाहेर काढून नवा आत न्यायचा असतो. म्हणून पॅनेल अरुंद हवं, आणि अरुंद म्हटलं की वायूबंद रचना आली, म्हणजे विजेचे भाग वायू भरलेल्या बंद डब्यात ठेवायचे. त्यासाठी आजवर सल्फर हेक्झाफ्लोराइड वापरला जातो, पण तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २४ हजारपट घातक आहे. युरोपने २०२४ च्या नियमाने नव्या स्विचगिअरमधला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतला आहे. निर्यातीचा विचार असेल तर निर्वात ब्रेकर आणि कोरडी हवा यांवर चालणारं पॅनेलच आत्तापासून आखायला हवं.

खरा शत्रू मात्र मीठ आहे. मिठाचे कण इन्सुलेटरवर बसतात, रात्री दमटपणा आला की ओला थर होतो, आणि तो थर वीज वाहू लागतो. आधी अगदी बारीक गळती प्रवाह, मग पृष्ठभागावर जळक्या रेषा, आणि एक दिवस ठिणगी आरपार जाते. नाशिकच्या कोरड्या हवेत चाचणीला उत्तम उतरलेलं पॅनेल तिथे एका पावसाळ्यात दगा देऊ शकतं. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉर्न्स रेव्हला २००२ मध्ये ८० यंत्रं उभी राहिली. ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रं त्या हवेत टिकली नाहीत, आणि २००४ मध्ये सगळ्या ८० नॅसेल उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणाव्या लागल्या.

उपाय ठाऊक आहेत, पण ते सुरुवातीपासून पाळावे लागतात. ३०४ दर्जाच्या जागी ३१६ एल दर्जाचं स्टेनलेस पोलाद. रंगाला गंजरोधाच्या मानकातला समुद्रासाठीचा सर्वांत वरचा दर्जा. केबल पॅनेलमध्ये खालून घ्यायची, वरून घेतली की ग्लँडमधून (केबल आत शिरते त्या जोडातून) थेंब उतरतोच. आतला हीटर यंत्र बंद असतानाही चालू राहील अशी स्वतंत्र वीज. मनोऱ्यात गाळलेली हवा किंचित जास्त दाबाने सोडायची, म्हणजे फटीतून बाहेरची हवा आत येत नाही. मनोरा सतत डोलत असतो, त्यामुळे प्रत्येक बोल्ट टॉर्क पाना लावून कसल्यावर त्यावर रंगाची रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला.

वीज बंद असताना काय होतं याचं बोलकं उदाहरण जर्मनीतल्या रिफगाटचं आहे. तिथे २०१३ मध्ये ३० यंत्रं उभी राहिली, पण समुद्रतळावर दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा सापडल्याने किनाऱ्याकडची केबल लांबली. थांबलेली यंत्रं खराब होऊ नयेत म्हणून महिनोन्‌महिने डिझेल जाळून त्यांना वीज पुरवावी लागली.

समुद्रतळ आणखी एका प्रकारे अडचणीत आणतो. पायाभोवती प्रवाहाने वाळू उकरली जाते म्हणून तिथे दगड टाकतात. त्याच दगडांवर केबलचं संरक्षक आवरण प्रवाहाने पुढेमागे घासून झिजतं. २०२१ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या कंपनीच्या दहापर्यंत प्रकल्पांत हा दोष निघाला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह जोरदार आणि तळाशी मऊ गाळ, तेव्हा इथे दगडाचा आकार आणि केबलचं वळण जास्तच जपून ठरवावं लागेल.

आपल्या समुद्राची खास अडचण म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर वारा सर्वांत जास्त, म्हणजे कमाईचे दिवस. आणि याच दिवसांत तंत्रज्ञांची छोटी बोट निघू शकत नाही, कारण दीड मीटरहून उंच लाटांत यंत्राच्या शिडीवर सुरक्षित पाऊल ठेवता येत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ब्रेकर बिघडला तर ते यंत्र, आणि माळेतली त्याच्या पलीकडचीही, ऐन हंगामात बंद राहू शकतात. लाटांबरोबर स्वतःला सावरणाऱ्या पुलाचं जहाज अडीच-तीन मीटरच्या लाटांतही चालतं, पण ते महाग आहे. त्यात मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच भागात, उनाजवळ, जमिनीवर आलं होतं. म्हणून इथली यंत्रं चक्रीवादळी वर्गातली, सेकंदाला ५७ मीटरचा, म्हणजे ताशी २०५ किलोमीटरचा वारा सोसणारी लागतील.

त्यामुळे नाशिकच्या कारखान्याने किमतीआधी दोन गोष्टी सांभाळायच्या: मे महिन्यातच बदलून टाकता येतील असे भाग, आणि चाचणीचे कागद. प्रकारचाचणी (नमुना पॅनेलची पूर्ण तपासणी), आंशिक विसर्ग (इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्या), अंतर्गत ठिणगीचा स्फोट, कंपन, आणि ३५ अंशाला ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात ठेवण्याची चाचणी. चाचणीसाठी आजवर भोपाळ नाहीतर बंगळुरू गाठावं लागे. आता केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा नाशिकजवळ शिलापूरलाच आली आहे. प्रमाणपत्रानंतर पवन प्रकल्प उभारणारा विकासक विचारतो, ‘हे कुठे चालून दाखवलंय?’ त्याचं उत्तर तयार करायला समुद्रातल्या पहिल्या प्रकल्पाची वाट पाहायची गरज नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत जमिनीवर पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथली हवाही खारीच आहे. तिथल्या एका यंत्रात ३३ किलोव्होल्टचं पॅनेल मे महिन्यात बसवावं, आत आर्द्रता आणि आंशिक विसर्ग मोजणारे सेन्सर लावावेत, आणि ऑक्टोबरमध्ये ते उघडून इन्सुलेटरवरचा थर पाहावा.