लॉकची फ्लाइट आणि लॉकचा स्टेअरकेस, एक नाहीये ते

इंग्लंडच्या कॅनॉलवर नॅरोबोटच्या, म्हणजे अरुंद लांबट बोटीच्या, ट्रिपचा विषय निघाला की कोणीतरी केन हिलचा तो फेमस फोटो टाकतंच. डिव्हायझेसजवळची टेकडी, एकाखाली एक सरळ रेषेत 16 लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारे पाण्याचे हौद, आणि वर कॅप्शन, "बघा पाण्याचा जिना!" दिसतो जिन्यासारखाच, मान्य. पण बोटवाले त्याला फ्लाइट म्हणतात, स्टेअरकेस नाही. मीही आधी दोन्ही एकच समजायचो, आणि फरक नुसता नावाचा असता तर एवढं टाइप करत बसलो नसतो.

आपल्याकडे कॅनॉल म्हटलं की शेताचं पाणी, पाट, चारी. तिकडचे हे कॅनॉल बोटींसाठी खणलेले, पाणी जवळजवळ स्थिर, आणि चढ आला की लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद, बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे आणि विंडलास नावाचं एल आकाराचं लोखंडी हँडल फिरवून पॅडल म्हणजे झडपा उघडायच्या, पाणी आत आलं की बोट वर, सोडलं की खाली.

फ्लाइटमध्ये प्रत्येक लॉक स्वतंत्र. दोन लॉकच्या मध्ये पाण्याचा तुकडा असतो, त्याला पाउंड म्हणतात, तिथे समोरच्या बोटीला वाट देता येते, दम खाता येतो, चहाचं आधण ठेवता येतं. टार्डेबिगला असे 30 लॉक आहेत, 220 फूट चढ, ब्रिटनमधली सगळ्यात लांब फ्लाइट. हात भरून येतात, पण डोकं फारसं लागत नाही, एकच गोष्ट 30 वेळा करायची.

स्टेअरकेसमध्ये पाउंडच नाही. वरच्या लॉकचा खालचा दरवाजा हाच खालच्या लॉकचा वरचा दरवाजा. जुन्या वाड्यात कसं एका खोलीतूनच पुढच्या खोलीत जायचं, मध्ये ना बोळ ना पडवी, तसं. लीड्स अँड लिव्हरपूल कॅनॉलवरचा बिंगलीचा फाइव्ह राइज 1774 चा, पाच लॉक मिळून साधारण 59 फूट चढ.

आणि इथेच खरी गोम आहे. मध्ये पाउंड नसल्यामुळे वरच्या हौदातलं पाणी थेट तुमच्या हौदात येतं. म्हणून वर चढायचं असेल तर निघायच्या आधीच सगळ्यात खालचा लॉक रिकामा आणि वरचे चारही भरलेले पाहिजेत. वरचा रिकामा असेल तर तुम्हाला उचलायला पाणीच नाही, बसा अडकून. उतरताना उलटं, सगळ्यात वरचा भरलेला आणि खालचे सगळे रिकामे, नाहीतर भरलेल्या हौदात अजून एक हौदभर पाणी ओतलं जाणार आणि ते काठावरून बाहेर. शिवाय मध्ये बोटी क्रॉस होत नाहीत, शिरलात की पाचही पार करूनच बाहेर, म्हणून बिंगलीला लॉककीपर असतो आणि त्याला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

फॉक्स्टनला तर पाच-पाचचे दोन स्टेअरकेस आहेत, मध्ये बोटी क्रॉस करायला एक पाउंड. तिथे बाजूला तळी आहेत आणि पॅडल लाल-पांढरे रंगवलेले. लाल उघडलं की तळ्यातलं पाणी तुमच्या लॉकमध्ये, पांढरं उघडलं की वरच्या लॉकचं पाणी तळ्यात. आधी लाल, मग पांढरं, कायम. मी उत्साहात विंडलास घेऊन सरळ पांढऱ्याकडे निघालो तर लाइफजॅकेटवाल्या आजोबांनी लांबूनच असा आवाज टाकला की बोटीतली मंडळी चहा सोडून बाहेर आली.

आता मग ओळखायचं कसं? दिसण्यावर अजिबात जायचं नाही. इंजिनिअर जेम्स ब्रिंडलीच्या स्टॅफर्डशायर अँड वूस्टरशायर कॅनॉलवर ब्रॅच नावाचे तीन लॉक आहेत, इतके चिकटून की कोणीही स्टेअरकेसच म्हणेल, पण दोन लॉकमध्ये जेमतेम काही फुटांचा पाउंड आहे आणि प्रत्येकाचे दरवाजे वेगळे, त्यामुळे तो स्टेअरकेस नाही. सरळ दरवाज्यांच्या जागा मोजायच्या. पाच लॉकच्या स्टेअरकेसला सहा, पाच सुट्या लॉकना दहा. केन हिलच्या त्या फोटोत 16 लॉकना 32 भरतात, झूम करून मोजा हवं तर.