लांब हॅकल म्हणजे स्पे फ्लाय नव्हे

सॅमन माशासाठीच्या जुन्या फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-लोकर बांधून केलेली आमिषं, जुन्याच पद्धतीने बांधणारी मंडळी वाढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण राखी बगळ्याच्या पिसासारखं लांब, सळसळतं हॅकल (फ्लायभोवती गुंडाळलेलं पीस) दिसलं की ‘स्पे फ्लाय’ म्हणून मोकळं व्हायचं, हे आता पुरे. त्यातल्या कित्येक डी फ्लाय असतात.

स्पे आणि डी या दोन्ही स्कॉटलंडच्या नद्या, आणि लांब हॅकल दोन्हीकडे आहे. स्पेची फ्लाय तुमच्या ओळखीची आहेच: मळकट लोकरीचं अंग, टिन्सेलचे (चकाकत्या पट्टीचे) वेढे, मॅलार्ड बदकाच्या तपकिरी पिसांचे पंख. लेडी कॅरोलिन ही नावाजलेली स्पे फ्लाय बांधली असेल, तर आणखी सांगायला नको. गळाची लांबी, अंगाचे रंग यांत फरक आहेत, पण घोळ त्यांनी होत नाही.

घोळ होतो तो पंख बसवताना. स्पेमध्ये मॅलार्डच्या दोन पट्ट्या अंगाच्या दोन्ही कुशींना चिकटून उतरतात आणि वरच्या कडा पाठीवर एकमेकींना भिडतात. पालथ्या होडीसारखा आकार यायला हवा. डीमध्ये टर्कीच्या शेपटीच्या दोन अरुंद पट्ट्या असतात, एक डाव्या पिसाची, एक उजव्या. त्या पाठीवर आडव्या, सपाट पडतात आणि वरून पाहिल्यास ‘व्ही’ दिसतो. इथे हाताची सवय आड येते. दोन्ही पट्ट्या एकदम चिमटीत धरून दोरा ओढला की त्या उभ्या राहतात. म्हणून एकेक पट्टी वेगळी बांधा: सपाट धरून ठेवा, दोन सैल वेढे घ्या, मगच आवळा. पंख उभे राहिले, तर सरळ उसवा. उभ्या पंखांच्या फ्लायला अक्रॉइड (डीची नावाजलेली फ्लाय) म्हणणं मला मुळीच मान्य नाही, बाकी साहित्य कितीही अस्सल असो.

अक्रॉइडच्या गालांवर खाली झुकलेली, डोळ्यांसारख्या ठिपक्यांची पिसं असतात. ती राखी रानकोंबड्याच्या मानेची, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्याच पक्ष्याची. भारतात त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने बंद आहे, त्यामुळे ‘कोकणातून आणून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ब्रिटनमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. आपल्याकडे गालांशिवाय बांधा. पंख सपाट बसले असतील, तर ती डी फ्लायच आहे.